भावाच्या साक्षांकन फॉर्मवर काय लिहायचं? अठराच्या आतली केस आहे, निकाल लागलेला आहे

तासगावची_ताई

नमस्कार. मी इथं पहिल्यांदाच लिहितेय. लांब होईल, पण अर्धवट सांगून कुणाचा सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझा धाकटा भाऊ २० वर्षांचा आहे. यंदाच्या पोलीस शिपाई भरतीत त्याचं ग्राउंड झालं, लेखी झाली आणि निवड यादीत नाव आलं. १६०० मीटर त्यानं ५ मिनिटं ६ सेकंदांत मारलं. यादी लागली त्या दिवशी आईनं बेदाण्याच्या शेडवर सोबतच्या बायकांना पेढे वाटले. पुढच्याच आठवड्यात साक्षांकनाचा, म्हणजे चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात आला आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणी धड जेवलेलं नाही.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे. तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर कधी खटला भरला गेला होता का, कधी दोषी ठरला होता का. हो किंवा नाही. आणि माहिती लपवली किंवा खोटी दिली तर नोकरीवरून काढलं जाईल, अशी ताकीदही आहे.

आता झालं काय होतं ते सांगते. एप्रिल २०२२. करोनात दोन वर्षं बंद राहिलेली आमच्या गावची यात्रा त्या वर्षी पहिल्यांदा भरली. रात्री पाळण्याजवळ गाडी लावण्यावरून बाचाबाची झाली. भाऊ तेव्हा १६ वर्षं ८ महिन्यांचा, सोबतची दोघं बावीस-चोवीसची. त्यानं दुकानाच्या मांडवाचा बांबू उपसला आणि शेजारच्या वस्तीवरच्या एका मुलाच्या डोक्यात घातला. सहा टाके पडले. बांबू त्यानंच घातला. मी ते झाकत नाही, तोही झाकत नाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२४ (हत्यारानं दुखापत) लागलं, तिघांची नावं एकाच एफआयआरमध्ये आली.

त्याचं प्रकरण सांगलीला बाल न्याय मंडळापुढं चाललं. मी आणि आई प्रत्येक तारखेला जायचो. मला वाटलं होतं पिंजरा असेल, काळा कोट असेल. तिथं नुसतं एक लांब टेबल होतं. पहिल्या दिवशी भाऊ दाराजवळ हात मागं बांधून उभा राहिला, तर मंडळातल्या बाई म्हणाल्या, ‘हात सोड. बस खुर्चीवर. सकाळी काही खाल्लंयस का?’ तो तिथं रडला. घरी चार दिवस त्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश झाला. समज दिली, समुपदेशनाला पाठवलं आणि सहा महिने दर रविवारी ग्रामीण रुग्णालयात सेवा लावली. व्हीलचेअर ढकलायची, म्हाताऱ्यांना केसपेपरच्या रांगेत उभं राहायला मदत करायची. तो एकही रविवार चुकला नाही. पुढं कॉलेज बदलायला लागलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो ना, तिथं सगळ्यांच्या ‘चांगली’ असतं. त्याच्या दाखल्यावर नुसती आडवी रेघ होती. ती रेघ बघून दोन ठिकाणी प्रवेश नाकारला.

आदेशाचा कागद आईनं रेशनकार्डाच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलाय. अ‍ॅकॅडमीचे सर म्हणतात, ‘नाही लिही, कोण बघतंय.’ पोलीस पाटील म्हणतात, ‘हो लिहिलं की विषय संपला.’ मामा म्हणतात, भरती सोड, टेम्पो घेऊन देतो. आई काहीच बोलत नाही.

सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचा आहे. काय लिहायचं?

कराड_अ‍ॅडव्होकेट

ताई, आधी घाबरायचं थांबवा. कायदा तुमच्या भावाच्या बाजूचा आहे, आणि तो मोघम नाही.

बाल न्याय कायदा २०१५, लागू १५ जानेवारी २०१६ पासून. कलम २४ म्हणतं की या कायद्याखाली ज्या मुलाचं प्रकरण चाललं त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागत नाही. त्याच कलमात पुढं आहे की मंडळानं पोलिसांना संबंधित अभिलेख, म्हणजे रेकॉर्ड, नष्ट करण्याचा आदेश द्यायचा असतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत त्याची मुदत दिलीय: अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं, त्यापुढं नाही. आणि कलम ७४(२): निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी किंवा दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी द्यायची नाही. ‘चारित्र्य दाखला’ हे शब्द कलमातच आहेत.

अपवाद एकच मोठा आहे. मूल १६ च्या वरचं असेल, गुन्हा जघन्य असेल, म्हणजे कमीत कमी शिक्षा सात वर्षं किंवा जास्त, आणि बाल न्यायालयानं सज्ञानासारखा खटला चालवून दोषी धरलं असेल, तर हे संरक्षण मिळत नाही आणि अभिलेखही राहतो. ३२४ ला जास्तीत जास्त तीन वर्षं होती. या कायद्याच्या भाषेत तो ‘किरकोळ गुन्हा’ होतो. तुमचा भाऊ अपवादाच्या जवळपासही नाही.

एरवी अशा गुन्ह्यात मुलावर एफआयआर होतच नाही, स्टेशन डायरीत नोंद होते. सोबत सज्ञान आरोपी होते म्हणून झाला. खरी अडचण तिथं आहे. त्या दोघांची केस अजून कोर्टात असेल तर त्या कागदांत याचं नाव राहणार, आणि सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या संगणकावरच्या गुन्हे-नोंदींत, एफआयआर शोधला की दिसणार.

माझं मत स्पष्ट आहे. ‘नाही’ लिहा. मुलाला ‘अटक’ होत नाही, ‘ताब्यात’ घेतात. त्याच्यावर ‘खटला’ चालत नाही, ‘चौकशी’ होते. जे कायद्यानं पुसायला सांगितलंय ते त्यानं स्वतःच्या हातानं पुन्हा का लिहावं?

मिरज_७७

मला कुणाला दुखवायचं नाही, पण मनात आलं ते लिहितो. उद्या हाच मुलगा काठी घेऊन बंदोबस्ताला उभा राहणार. २०१२ ला दिल्लीत निर्भयाचं काय झालं ते सगळ्या देशानं बघितलं, त्यानंतरच कायदा बदलावा लागला. सगळं पुसायचं ठरवलं तर ज्याच्या डोक्याला सहा टाके पडले त्याचं काय? त्याला कुणी विचारलं का?

तासगावची_ताई

तुमचा प्रश्न बरोबर आहे. मला राग आला नाही.

विचारलं होतं. जामिनावर सोडल्यावर तिसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन त्या मुलाच्या घरी गेली. त्याच्या वडिलांनी दार उघडलं नाही. आई पायरीवर अर्धा तास बसली आणि परत आली. दिवाळीच्या आधी पुन्हा गेले दोघं. तेव्हा त्या काकांनी आत घेतलं, पाणी दिलं, पण बोलले नाहीत. दवाखान्याचं बिल आईनं शेडच्या मजुरीतून चार हप्त्यांत दिलं. तो मुलगा आता पुण्याला कंपनीत आहे. यात्रेला येतो. दोघं समोरासमोर आले की मान हलवतात, बास. त्याच्या भुवईच्या वर खूण आहे, ती मलाही दिसते आणि भावालाही.

साताऱ्याचे_काका

ताई, मी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून १९८९ ला नोकरीला लागलो आणि २०१९ ला निवृत्त झालो. आता गोडोलीत राहतो. तुझा प्रश्न काल रात्री वाचला, झोप लागली नाही म्हणून सकाळी सावकाश लिहितोय.

मी लागलो तेव्हा १९८६ चा कायदा होता. त्यात मुलग्यांची मर्यादा १६ वर्षांची आणि मुलींची १८ ची. तुझा भाऊ त्या काळात असता तर १६ वर्षं ८ महिने म्हणून सरळ मोठ्यांच्या कोर्टात गेला असता आणि कदाचित मोठ्यांच्याच तुरुंगात. २००० च्या कायद्यानं मुलगा-मुलगी दोघांनाही १८ केलं. मिरजेच्या भाऊंना सांगतो, २०१५ ला जे बदललं ते फक्त सोळा ते अठरामधल्या जघन्य गुन्ह्यांपुरतं. बाकीच्या पोरांसाठी तोच कायदा आणखी पुढं गेला. त्यात ‘नवी सुरुवात’ हे तत्त्व म्हणून लिहिलंय, कलम ३ मध्ये. अपवादात्मक परिस्थिती सोडून मुलाचा सगळा जुना अभिलेख पुसला जावा, असं.

आता कागदावर काय आहे आणि टेबलावर काय होतं ते सांगतो, कारण मी टेबलाच्या त्या बाजूला बसलोय.

एकदा एका पोलीस ठाण्यातून पत्र आलं. एक पोरगा सैन्यात निवडला गेला होता. आपल्याकडं घरटी एक सैन्यात, खटाव-माणच्या गावांत तर पोरं चालायला लागली की पळायला लागतात. पत्रात विचारलेलं, सदर इसमाविरुद्ध आपल्या अभिलेखात काही नोंद आहे काय. माझ्या रजिस्टरला नोंद होती. तेरा वर्षांचा असताना सायकल चोरलेली. मी प्रामाणिकपणे उत्तर पाठवलं, ‘माहिती देता येत नाही.’ मला वाटलं, मी पोराला वाचवलं. पंधरा दिवसांनी त्याची आई माझ्यासमोर उभी. म्हणाली, ‘साहेब, तुमच्या कागदामुळं अडकलंय.’ वाचणाऱ्यानं सरळ अर्थ काढला होता, देता येत नाही म्हणजे काहीतरी आहे. नोंद नसलेल्या पोरांबद्दल आम्ही ‘नोंद नाही’ असं लिहायचो ना! माझ्या गप्प राहण्यानंच चुगली केली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुणाच्याही बाबतीत, नोंद असो वा नसो, मी एकच मजकूर लिहिला: बाल न्याय कायद्यानुसार कोणत्याही बालकाबद्दल अशी माहिती विचारता येत नाही आणि देता येत नाही. सगळ्यांना सारखा. तो पोरगा पुढं लागला का ते मला कधी कळलं नाही. अजून आठवतो.

म्हणून वकीलसाहेबांचं म्हणणं कायद्यानं बरोबर असूनही मी ‘नुसतं नाही लिही’ असं सांगणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं जुलै २०१६ मध्ये सांगितलंय की साक्षांकन फॉर्मवरची माहिती खरी असली पाहिजे, लपवली तर नेमणूक रद्द करता येते. त्याच निकालात असंही आहे की वय लहान असेल, गुन्हा किरकोळ असेल तर अधिकाऱ्यानं ते समजून घ्यावं. पुढं नोव्हेंबर २०१९ मध्ये सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या) एका उमेदवाराच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की अल्पवयात झालेल्या गोष्टीचा डाग मोठेपणी लावायचा नाही, कायद्याचा रोखच तो आहे. म्हणजे अखेर न्याय मिळतो. पण तो दिल्लीला जाऊन मिळतो. तुझी आई शेडवर बेदाणा निवडते. तिला दिल्लीपर्यंत जायला लावू नये असं मला वाटतं.

मी असं करीन. आधी मंडळात जाऊन आदेशाची सही-शिक्क्याची प्रत घ्या. घरातली ट्रंकेतली द्यायची नाही, ती जपून ठेवा. त्याच वेळी मंडळाला साधा अर्ज द्या: कलम २४(२) प्रमाणे पोलिसांना अभिलेख नष्ट करायचा आदेश झाला होता का, नसेल तर व्हावा. बऱ्याचदा निकाल होतो आणि हा आदेश लिहायचा राहून जातो. पोरं मोकळी होतात, पण नोंद तशीच बसून राहते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा फोन १५१०० आहे. फॉर्मच्या रकान्यात ‘सोबतचे पत्र पाहावे’ लिहायचं आणि पत्रात चारच ओळी: १८ वर्षांखालील असताना एक प्रकरण बाल न्याय मंडळापुढं चाललं, ते निकाली निघालं, कलम २४ नुसार अपात्रता लागत नाही, कलम ७४ नुसार ही माहिती गोपनीय ठेवावी. यात्रा, बांबू, टाके यातलं काही लिहायचं नाही.

आणखी एक. तू अ‍ॅकॅडमीचे सर काय म्हणाले ते लिहिलंस. पोलीस पाटील, मामा, आई, सगळ्यांचं लिहिलंस. पोराचं म्हणणं कुठं आहे? फॉर्म त्याचा आहे ना?

कोरेगावचा_फिटर

काकांनी लिहिलं ते मी जगलोय. नाव सांगत नाही. पंधरा वर्षांचा असताना मोबाईल चोरीत होतो. दोन महिने निरीक्षणगृहात काढले. गावात अजून ‘रिमांड होमचा’ म्हणतात. पुढं आयटीआय केला, फिटर, सातारा एमआयडीसीत लागलो.

मला कागदानं कधीच त्रास दिला नाही. कंपनीनं पडताळणी केली, काही आलं नाही. त्रास दिला मोबाईलनं. मला पकडून नेतानाचा कुणीतरी व्हिडिओ काढलेला, तोंड स्पष्ट दिसतं. एका लोकल चॅनेलनं नावासकट टाकला. कलम ७४ नुसार मुलाचं नाव, फोटो छापणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मला पंचवीस वर्षांचा झाल्यावर समजलं. लग्नाच्या वेळी पोरीच्या चुलत्यानं तोच व्हिडिओ माझ्या वडिलांना दाखवला. सोयरीक मोडली. वडील परत येताना एसटीत शेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत. कोरेगावला उतरल्यावर म्हणाले, ‘चहा घेऊ.’

ताई, तुमच्या भावाचा असा काही व्हिडिओ कुठं फिरत असेल तर आत्ताच शोधा आणि काढायला लावा. फॉर्मच्या आधी ते करा.

कराड_अ‍ॅडव्होकेट

काकांचा मान राखून सांगतो, मला अजूनही धाकधूक आहे. पत्र जोडलं की गोपनीयता आपणच मोडली. फाईल चार टेबलांवरून जाणार, चार जण वाचणार. पण त्यांनी सांगितलेला अनुभव माझ्याकडं नाही, तेही खरं. पत्र जोडायचंच ठरलं तर बंद पाकिटात द्या, वर ‘गोपनीय, बाल न्याय कायदा कलम ७४’ लिहा आणि आवक-जावकचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. नाकारलं तर कारण लेखी मागा. लेखी कारण हातात असेल तर पुढची लढाई मी फी न घेता लढेन. हे इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

तासगावची_ताई

काका, तुमची शेवटची ओळ वाचली आणि मी फोन बाजूला ठेवला. खरंच, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. गेल्या चार वर्षांत त्याच्याबद्दलचं सगळं आम्हीच ठरवत आलो.

रात्री तो बाहेर ओट्यावर बसला होता. मी विचारलं, तुला काय लिहायचंय? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘अक्का, नाही लिवलं तर मी रोज ड्युटीवर भीत जाणार. आज कळंल, उद्या कळंल. तसली वर्दी नको मला.’

शुक्रवारी सांगलीला गेलो. मंडळाच्या कार्यालयात प्रतीचा अर्ज दिला, काकांनी सांगितलेला दुसरा अर्जही दिला. तिथल्या लिपिकानं फाईल काढली. दुसरा आदेश खरंच झालेला नव्हता. अर्जावर पुढची तारीख मिळाली. प्रत मात्र त्याच दिवशी संध्याकाळी हातात मिळाली, आम्ही गावातून आलोय म्हणून त्या बाई थांबल्या.

व्हिडिओ मीच शोधत बसले, दोन रात्री. यात्रेचे बरेच सापडले, त्याचा एकही नाही. कोरेगावच्या दादा, तुमचं वाचून आईनं विचारलं, त्याचं पुढं लग्न झालं का? तिला सांगाल का?

पत्र मी टाईप करून देणार होते. तो म्हणाला, हातानं लिहितो. तीन कागद फाडले. चौथ्यावर चार ओळी बसल्या. सोमवारी सकाळी निघताना आईनं ट्रंकेतली पिशवी काढली, जुना कागद उलगडून बघितला, पुन्हा तशाच घड्या घातल्या आणि रेशनकार्डाच्या मागं सरकवला. तो एकटाच गेला, मला येऊ दिलं नाही. पाकीट दिलं, पोचेवर शिक्का घेतला. टेबलावरच्या साहेबांनी पाकिटावरचं वाचलं, त्याच्याकडं बघितलं आणि ‘ठीक आहे, जा’ एवढंच म्हणाले.

त्याला दोन आठवडे झाले. अजून काही कळलेलं नाही. तो सकाळी पाचला उठून द्राक्षबागांच्या कडेनं पळतो. आज आईनं त्याच्यासाठी दशम्या केल्या होत्या, परत आल्यावर पाच खाल्ल्या.